परसबाग, श्रमदान आणि वेठ

कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर मिडल स्कूल नावाची सरकारी शाळा आहे. १९९५ साली या शाळेच्या आवारात सुमारे एकरभर जागेवर नुसते डांबर होते. शहरातल्या ‘शे पानीस’ या नामांकित उपाहारगृहाच्या संस्थापक अ‍ॅलिस वॉटर्स यांचा जाण्यायेण्याचा रस्ता शाळेवरूनच जाई. एका वृत्तपत्रीय मुलाखतीत त्यांनी शाळेच्या भकास अवस्थेबद्दल नाराजी व्यक्त केली. ती वाचून मुख्याध्यापक नील स्मिथ यांनी त्यांना बोलावणे धाडले आणि त्या भेटीतून पुढे जगभर गाजलेली ‘एडिबल स्कूलयार्ड’ ही खाण्याजोगी शाळाबाग उभी राहिली. आधी डांबर उखडले गेले, मग जमिनीचा कस परतावा म्हणून हिरवळीचे पीक घेतले गेले आणि त्यानंतर वाफे पाडले गेले. जवळच वापराविना पडून असलेल्या जागेत मुलांसाठी स्वयंपाकघर थाटले गेले, बागेत लाकडावर चालणारी भट्टी बांधली गेली. विज्ञानाच्या तासाला मुले मातीत आणि इतिहासाच्या तासाला चुलीपाशी, अशी ही योजना.

या गोष्टीच्या सांगण्यात नेहमीच भाबडेपणाचा थोडा दर्प असतो. प्रसिद्ध स्त्री, उजाड आवार, मुलांच्या हातची कोवळी पालेभाजी: वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवणीला यापेक्षा अधिक काय हवे? परंतु या गोष्टीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो पुरवण्यांमध्ये सहसा उमटत नाही. बागेत श्रम असतात. ते कोण करतो, कोणत्या नात्याने करतो आणि त्या श्रमाला आपण कोणते नाव देतो, हा तो प्रश्न. शाळेच्या बागेत खुरपे धरणारे हात तीन प्रकारचे असतात: विद्यार्थ्याचे, पगारी माणसाचे आणि स्वयंसेवकाचे. या तिघांमधल्या सीमारेषा कशा सरकत गेल्या, याचा इतिहास बागेच्या इतिहासाइतकाच जुना आहे. त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

आधी त्या डांबराविषयी. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक शाळांचा खर्च पूर्वी मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून भागत असे. जून १९७८ मध्ये तेथील मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ हा ठराव मंजूर केला आणि हा कर मालमत्तेच्या नोंदलेल्या मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकला. एकेकाळी देशात नावाजलेल्या तिथल्या शाळांची त्यानंतर ओढगस्त सुरू झाली. पैसा आटला की प्रथम कात्री लागते ती चित्रकला, संगीत, ग्रंथपाल आणि माळी यांना. जे काम पूर्वी पगारी माणूस करी ते पालकांच्या सद्भावनेवर येऊन पडले. म्हणजे शाळेच्या आवारात सुट्टीच्या दिवशी फावडे घेऊन उभा राहिलेला उत्साही पालक हा एका आर्थिक निर्णयाचाही परिणाम होता. त्याचा उत्साह खोटा नव्हता. पण ज्या वस्तीत पालकांपाशी मोकळा शनिवार असतो तिथेच तो दिसतो, आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्यांच्या वस्तीत दिसत नाही.

शाळेच्या बागेची कल्पना अर्थातच वॉटर्स यांची नव्हे. तरुणपणी त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीचे शिक्षण घेतले होते आणि मारिया मॉन्टेसरी यांच्या १९०९ सालच्या मूळ ग्रंथात शेतीकामावर स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याही मागे जायचे तर फ्रीडरिश फ्रोबेलपाशी जावे लागते. १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. हे नाव केवळ रूपक नव्हते. त्याच्या आराखड्यात खरोखरची बाग होती: प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक वाफा आणि त्यांच्या सभोवती सर्वांचे मिळून सामाईक वाफे. ‘माझे’ आणि ‘आपले’ यांचे नाते मुलाला मातीतूनच कळावे, असा त्यामागचा विचार. प्रशियाच्या सरकारला मात्र त्यात नास्तिकतेचा आणि समाजवादाचा वास आला. १८५१ मध्ये तेथे या बालोद्यानांवर बंदी घालण्यात आली. सामाईक वाफ्यांना सरकारे घाबरतात, हे त्यातून दिसले म्हणायचे.

मराठीत या कल्पनेला जो शब्द मिळाला तो मूळ शब्दाहून सरस आहे, असे मला वाटते. ‘बालोद्यान’ हा संस्कृताळलेला पर्याय होताच. पण रुळला तो ‘बालवाडी’. वाडी म्हणजे कोकणात माडापोफळींची बाग आणि घाटावर चार घरांची वस्ती. बाग आणि वस्ती असे दोन्ही अर्थ एकाच शब्दात मुरलेले असल्यामुळे ‘बालवाडी’ ऐकताना मुले आणि झाडे एकत्रच डोळ्यांपुढे येतात. ‘परसबाग’ हा शब्दही असाच. परस म्हणजे घराची मागची बाजू, जिथे मोरीचे पाणी जाते, जिथे अळू आणि केळ फोफावते. दर्शनी अंगण पाहुण्यांचे आणि परस बायकांचे. शाळेच्या बागेला आज मराठीत सर्रास ‘परसबाग’ म्हणतात, तेव्हा नकळत तिच्या श्रमाचा मालकही, किंवा मालकीणही, सूचित होते.

अमेरिकेत हा विचार पोहोचला तो बॉस्टनमार्गे. हेन्री लिंकन क्लॅप या शिक्षकाने मॅसॅच्युसेट्सच्या उद्यानविद्या संस्थेच्या वतीने युरोपातील शाळाबागा पाहिल्या आणि १८९१ मध्ये रॉक्सबरी येथील जॉर्ज पटनम शाळेत बाग सुरू केली. गंमत अशी की तिच्यात आरंभी खाण्याजोगे काहीच नव्हते. रानफुले होती आणि नेचे होते. वनस्पतिशास्त्राचा तो धडा होता. भाज्या दशकभराने आल्या.

भाज्या आल्या त्या वेगळ्याच वाटेने, आणि इथून कथा गुंतागुंतीची होते. ओहायोतील डेटन येथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचा मालक जॉन पॅटरसन याने १८९७ मध्ये कारखान्याशेजारच्या वस्तीतील मुलांना वाफे वाटले. ही मुले कारखान्याच्या खिडक्या फोडत, आणि हाताला काम दिले की दगड उचलायला हात रिकामे राहत नाहीत, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. क्लीव्हलंडमध्ये १९०० साली स्थापन झालेली होम गार्डनिंग असोसिएशन ही नागरिकांची संस्था शाळकरी मुलांना एका सेंटला बियांची पुडी विके. न्यूयॉर्कमध्ये फॅनी ग्रिस्कम पार्सन्स या बाईंनी १९०२ मध्ये डीविट क्लिंटन पार्क येथे, गोदी आणि कत्तलखान्यांजवळच्या गरीब वस्तीत, मुलांची शेतशाळा काढली. भाजी पिकवणे हा आपला मूळ हेतू नाही, असे त्यांनी स्पष्टच लिहून ठेवले आहे. सार्वजनिक मालमत्तेची निगा, काटकसर, प्रामाणिकपणा हे नागरी गुण त्यांना रुजवायचे होते. वस्तीतली मुले बहुतांशी स्थलांतरितांची. त्यांचे आईबाप युरोपातील खेड्यांतून आलेले आणि त्यांच्यातल्या कित्येकांना शेतीतले पार्सन्सबाईंपेक्षा अधिक कळत असणार. त्यांच्या मुलांना मुळे कसे लावावेत ते सुखवस्तू घरातल्या स्त्रिया शिकवीत होत्या. उदारता आणि उपदेश यांचे हे मिश्रण स्वयंसेवी कामातून पुढेही कधी पुरते गेले नाही.

मग महायुद्ध आले. १९१७-१८ मध्ये शिक्षण आयुक्त फिलँडर क्लॅक्स्टन यांच्या पुढाकाराने आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी दिलेल्या युद्धनिधीतून ‘युनायटेड स्टेट्स स्कूल गार्डन आर्मी’ उभी राहिली. लक्षावधी मुले तिच्यात भरती झाली. त्यांना फौजेसारखे हुद्दे होते, बिल्ले होते. फ्रोबेलच्या बागेत जे मूल रोपाबरोबर वाढणार होते ते आता सैनिक झाले. युद्ध संपल्यावर निधी संपला आणि बघता बघता ही फौजही विखुरली. दुसऱ्या महायुद्धात ‘विजयबागां’च्या निमित्ताने पुन्हा उसळी आली आणि पुन्हा ओसरली. शाळाबागांच्या इतिहासाची ही चाल फार बोलकी आहे. संकट आले की बाग येते, कारण तेव्हा फुकट श्रमांना देशभक्तीचे नाव देता येते. संकट सरले की तेच श्रम कोणी करायचे, हा प्रश्न उघडा पडतो.

आता त्या वादाकडे वळतो ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले. जानेवारी-फेब्रुवारी २०१० च्या ‘द अटलांटिक’ मासिकात केटलिन फ्लॅनगन यांचा एक तिखट लेख आला. त्यात त्यांनी बर्कलीच्या बागेवर आणि तिच्या धर्तीवर कॅलिफोर्नियाभर पसरलेल्या शाळाबागांवर हल्ला चढवला. त्यांची कल्पना अशी: मेक्सिकोतून आलेला एक मजूर शेतात वाकून वाकून कंबर मोडून घेतो, आपल्या मुलाच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून त्याला शाळेत घालतो, आणि शाळेत पहिल्याच दिवशी त्या मुलाला कोबीसारखी पालेभाजी खुडायला पाठवतात. वाचन आणि गणित यांत मागे पडणाऱ्या मुलांचे तास सुखवस्तूंच्या हौसेपायी मातीत जातात, असा त्यांचा मुद्दा. लेखावर टीकेचा पाऊस पडला. बागेत मुले आठवड्यातून किती वेळ असतात, त्यातून विज्ञान कसे शिकवले जाते, मुले भाज्या अधिक खातात, वगैरे उत्तरे दिली गेली. त्यांतली पुष्कळशी रास्त होती. तरीही मूळ काटा निघाला असे मला वाटत नाही.

कारण त्या काट्याला इतिहास आहे. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर एक अवजार होते, हात-दीड हात दांड्याची कुदळी. मजूर तिला स्पॅनिशमध्ये ‘एल कोर्तितो’, आखूड दांड्याची, म्हणत. दांडा आखूड, म्हणून माणसाने दिवसभर कमरेत वाकूनच राहायचे. लांब दांड्याने तेच काम होत असूनही मालकांना हीच हवी होती. ताठ उभा असलेला मजूर काम थांबवून उभा आहे हे दुरूनही कळते, असे कारण सांगितले जाई. मजुरांच्या पाठी कायमच्या अधू होत. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात या कुदळीवर बंदी आली. ‘शे पानीस’ १९७१ मध्ये सुरू झाले होते. एकाच राज्यात, एकाच दशकात, ताज्या भाजीचा सौंदर्यविचार आणि भाजी खुडणाऱ्याच्या पाठीचा खटला शेजारी शेजारी चालू होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव लावणाऱ्या शाळेत कुदळ कोणाच्या हाती देतो आहोत, हे विचारणे त्यामुळे कुजकेपणाचे ठरत नाही.

कृष्णवर्णीय अमेरिकेत हा वाद शतकापूर्वीच होऊन गेला होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे विद्यार्थ्यांकडून विटा पाडून घेतल्या, शेती करून घेतली. श्रम लाजिरवाणे नाहीत, हा त्यांचा धडा. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथात त्यावर घणाघात केला. कालपर्यंत ज्यांच्याकडून चाबकाखाली शेती करून घेतली त्यांच्या मुलांना आज शिक्षण म्हणून शेतीच द्यायची आणि विद्यापीठाचे दार मात्र किलकिलेही करायचे नाही, ही सोय कोणाची? दक्षिण आफ्रिकेतील तरुण गांधींनी त्याच वर्षी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये वॉशिंग्टन यांचा गौरव करणारा लेख लिहिला. वॉशिंग्टन यांची बाजू अशा रीतीने हिंदुस्थानी वाचकांपर्यंत पोहोचली आणि डुबॉइस यांची बाजू तितकी पोहोचली नाही.

असे म्हणताना जरा थांबायला हवे, कारण महाराष्ट्रात त्याआधी कोणी तरी या दोन्ही बाजू एकाच निवेदनात मांडून ठेवल्या होत्या. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली हे आपण शाळेपासून ऐकत आलो. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी केलेले निवेदन त्या मानाने कमी वाचले जाते. त्यात त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली आणि अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती व आरोग्य यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान ठेवले. इतकेच नव्हे तर खेड्यातल्या शाळेला जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, तिथे मुलांना प्रत्यक्ष धडे द्यावेत, असेही सुचवले. बॉस्टनची बाग अजून नऊ वर्षे दूर होती.

या निवेदनात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शिक्षकाविषयीचा भाग. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला हवा आणि वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटता कामा नये, असे फुले म्हणतात. शाळेतल्या शेताचा पहिला विद्यार्थी जणू गुरुजीच. शेतकऱ्याच्या मुलाला नांगर धरायला शिकवण्याची गरज नव्हती. ब्राह्मण पंतोजीला ती होती. श्रमाची प्रतिष्ठा श्रमिकालाच शिकवण्याचा जो विनोद पुढे अनेक थोरामोठ्यांनी केला, तो फुल्यांनी केला नाही. त्याच निवेदनात शिक्षकाचा पगार किमान बारा रुपये असावा असेही आहे. शेतकऱ्यांकडून शिक्षणासाठी पट्टी वसूल होते आणि ती वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडते, ही तक्रारही आहे. म्हणजे शेत, शिक्षक, पगार आणि कर हे चारही धागे एकत्र. शाळाबागेवर नंतर झालेल्या लिखाणात हे चार धागे एका जागी क्वचितच सापडतात. बागेवर लिहिणारे कराविषयी बोलत नाहीत आणि करावर लिहिणाऱ्यांना बाग दिसत नाही.

दुसरा दुवा कोलंबिया विद्यापीठातला. १९१३ ते १९१६ या काळात भीमराव आंबेडकर तेथे शिकत असताना जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसत. ड्यूईंचा ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हा ग्रंथ १९१६ चा. बागकाम हे भावी माळी घडवण्यासाठी किंवा वेळ मजेत जाण्यासाठी शिकवायचे नाही, मानवाच्या इतिहासात आणि आजच्या समाजरचनेत शेतीचे स्थान काय हे कळण्याची ती वाट आहे, असे त्यात त्यांनी म्हटले आहे. फ्लॅनगन यांना दिलेले सर्वांत चांगले उत्तर ते लेख लिहिण्यापूर्वी चौऱ्याण्णव वर्षे छापून पडले होते. मात्र या उत्तराला एक अट आहे. बागेत इतिहास शिकवायचा तर ‘एल कोर्तितो’ही शिकवावी लागेल. टोमॅटोची चव सांगणाऱ्या शिक्षकाने टोमॅटो तोडणाऱ्याची मजुरीही सांगितली पाहिजे.

आंबेडकरांनी आपल्या राजकारणात या प्रश्नाच्या अगदी मुळाला हात घातला, तो शाळेच्या संदर्भात नव्हे. महार वतन म्हणजे गावाचे आणि सरकारचे पडेल ते काम, जवळपास फुकट, आणि तेही पिढ्यान्पिढ्या. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ज्या समाजाचे श्रम असे हक्काने उपटले गेले त्याला ‘विनामोबदला काम’ या शब्दांत थोरवी दिसणे कठीण. ‘श्रमदान’ हा शब्द विनोबांच्या काळात मराठीत आणि हिंदीत रूढ झाला. त्यात दान आहे, आणि दान स्वतःच्या मालकीचे असेल तेच करता येते. ज्याच्या श्रमांची मालकी त्याच्याकडे नाही त्याचे काम ‘वेठ’ होते. बाहेरून पाहिले तर दोन्हींत माणूस उन्हात खणतोच आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत हा भेद चर्चेच्या केंद्रस्थानी आला. गांधीजींनी उत्पादक हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची आणि त्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागवण्याची कल्पना मांडली. झाकीर हुसेन समितीने तयार केलेल्या वेळापत्रकात साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला होती आणि शेती हा त्यांतलाच एक उद्योग. परिषदेत के. टी. शहा यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी स्वावलंबनाच्या कलमावर आक्षेप घेतला. खुद्द झाकीर हुसेन यांनीही धोक्याची घंटा वाजवली: कमाईवर भर दिला तर शिक्षक गुलामांवरचा मुकादम होऊन बसेल. योजनेच्या शिल्पकारानेच हा शब्दप्रयोग करावा, याला प्रामाणिकपणा म्हणतात.

पण नई तालीमचे मूल्यमापन या एका कलमावर करणे अन्यायाचे होईल. सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने चालवलेल्या शाळेत मुले भाजी लावत, स्वयंपाक करत, हिशेब ठेवत आणि संडासही साफ करत. शेवटचे काम सर्वांत क्रांतिकारक. कृष्णकुमार यांनी दाखवून दिले आहे की हलक्या मानलेल्या जातींची कौशल्ये शाळेच्या अभ्यासक्रमात आणणे हाच या योजनेतला खरा सुरुंग होता. कुलीन घरातल्या मुलाच्या हाती खराटा आला तर ते शिक्षण, आणि ज्याच्या घरी खराटा आधीपासूनच होता त्याच्याच हाती तो पुन्हा आला तर ती परंपरा. सेवाग्रामच्या आवारात हे भान होते. ते आवाराबाहेर पडले, सरकारी ‘बुनियादी शाळा’ झाले आणि खेड्यांतील मुलांच्या वाट्याला टकळी व शहरांतील मुलांच्या वाट्याला इंग्रजी, अशी फाळणी झाली. डुबॉइस यांची शंका इथे मराठीत आणि हिंदीत खरी ठरली. सेवाग्रामची मूळ शाळा पुढे बंद पडली; २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ या नावाने तेथे पुन्हा शाळा सुरू झाली आणि तिच्यात मुलांची भाजीची शेती आहे.

मॉन्टेसरींची दुसरी शाखा ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागली. (बोर्डी, कोसबाड हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मॉन्टेसरींची महागडी साधने परवडण्याजोगी नव्हती, तेव्हा चिंचोके, शंखशिंपले, पाने, खडे ही साधने झाली. मुले वर्गात येईनात तर वर्गच आदिवासी पाड्याच्या अंगणात नेला. ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ तिथले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावर ‘कुरणशाळा’ भरली. म्हणजे मुलाला कामावरून उठवून शाळेत आणण्याऐवजी शाळाच कामाच्या जागी गेली. याची दुसरी बाजू अशी की मुलाचे काम तसेच राहिले. ताराबाई आणि अनुताईंना हे कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. भुकेच्या राज्यात गुरे सोडून ये म्हणणे त्यांना क्रूर वाटले असावे.

आणि याच १९४५ साली, याच पट्ट्यात, गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठाव केला. त्याची हकीगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकात आहे. आमच्या वाङ्मयेतिहासांत ताराबाई शिक्षणाच्या खणात असतात आणि गोदावरीबाई चळवळीच्या. दोघींच्या कामाचा भूगोल एकच होता हे अध्यापनात क्वचित सांगितले जाते. वारल्याच्या मुलासाठी वेठ थांबणे आणि अक्षर भेटणे या एकाच वर्षातल्या दोन घटना होत्या.

बर्कलीतील पुढची हकीगत पैशाची आहे. किंग शाळेची बाग वॉटर्स यांच्या प्रतिष्ठानाच्या आधारावर तग धरून होती. पण शहरातल्या इतर शाळांचे बागकाम व पाककला वर्ग संघराज्याच्या पोषण-शिक्षण निधीवर चालत. २०१३ मध्ये तो निधी बंद झाला. तेव्हा कळले की स्वयंसेवकांवर बाग चालते, अभ्यासक्रम चालत नाही. रोपे लावायला शंभर माणसे येतात. दर मंगळवारी सकाळी दहाला तीस मुलांना सांभाळत खुरपणी करून घेणारा एकच माणूस लागतो, आणि तो पगारीच असावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बर्कलीच्या मतदारांनी साखरयुक्त पेयांवर एका औंसामागे एक सेंट असा कर मंजूर केला. असा कर लावणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्यातला काही भाग शाळांच्या बागकाम-पाककला वर्गांना मिळू लागला. १९७८ मध्ये करकपातीने जे गेले त्याचा छोटा तुकडा २०१४ मध्ये करानेच परत आणला. फुल्यांना यात नवल वाटले नसते.

आपल्याकडे राष्ट्रीय मध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे बर्कलीच्या बागेच्याच वर्षी, सुरू झाली. आधी बऱ्याच ठिकाणी कोरडे धान्यच वाटले जाई. शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. २००४ च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले गेले आणि त्यावरून गावोगाव जे ताटे सोडून उठणे झाले ते वर्तमानपत्रांत येत राहिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने शालेय पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रात ‘शालेय परसबाग’ हा शब्द तोवर रुळलाच होता. विद्यार्थी, शिक्षक, गावकरी यांच्या सहभागातून बाग फुलावी आणि तिथली मेथी, शेवगा, कढीपत्ता मुलांच्या ताटात यावा, ही अपेक्षा. सहभाग हा शब्द इथे श्रमदानाची जागा घेतो.

भाजी परसबागेतून आणून निवडून, धुऊन शिजवणाऱ्या बाईचे सरकारी नाव ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’. तिला पगार नसतो, मानधन असते. केंद्राने २००९ मध्ये ते दरमहा हजार रुपये ठरवले, वर्षातले दहा महिने. राज्यांनी त्यात नंतर आपापली भर घातली. उरलेले दोन महिने सुट्टीचे. आपल्याकडे ते नेमके वैशाख-ज्येष्ठाच्या तोंडी येतात, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि वाफ्यांना सर्वांत जास्त पाणी तेव्हाच लागते. कॅलिफोर्नियातही पावसाचा थेंब नसलेला उन्हाळा आणि शाळेची दीर्घ सुट्टी एकाच वेळी येतात. तिथे सुट्टीच्या आठवड्यांची शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटणी करून पाणी घालण्याच्या पाळ्या लावणे ही जुनी रीत आहे. आपल्या शाळांतून कुठे शिपाई पाणी घालतो, कुठे शेजारचा शेतकरी, कुठे तीच मदतनीस. शाळेच्या हजेरीपटात या पाण्याची नोंद होत नाही.